शेजारची जागा

लालबाग-परळच्या ज्या पिढीने गणपतीला गावी जाण्यासाठी परळच्या किंवा मुंबई सेंट्रलच्या एसटी आगारात रात्री जागवल्या, तिला जागा धरण्याची विद्या कोणी शिकवावी लागत नाही. गाडी पुरती थांबण्यापूर्वीच खिडकीतून रुमाल आत पडे. रुमाल नसेल तर पिशवी, आणि पिशवीने भागले नाही तर घरातले सर्वांत लहान पोरच खिडकीतून आत सोडले जाई. ते पोर तिघांच्या बाकावर आडवे पडून राही आणि मागाहून आजी, आई, काकू सावकाश चढत. कुटुंब एकत्र बसे ते त्या रुमालामुळे आणि त्या रुमालाचा मान राखणाऱ्या सहप्रवाशांमुळे.

आज त्याच घरांतील मुले बंगळूर, हैदराबाद, दुबई, न्यू जर्सी अशी दूरदूर स्थिरावली आहेत. मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत आजी-आजोबा नातवंडांना घेऊन विमानाने त्यांच्याकडे जातात. तेथे रुमाल चालत नाही. जागा संगणक वाटतो, आणि आपले कोण कोणावर अवलंबून आहे हे त्या संगणकाला ठाऊक नसते. हे त्याला वेळेवर कसे कळवावे आणि ते का आवश्यक आहे, याचा विचार आज करू.

प्रथम लालबागमधील एका कुटुंबाचा अनुभव सांगतो. त्यांच्या अनुमतीने सांगत असलो तरी नावे देत नाही.

गेल्या दिवाळीत हे पाच जण बंगळूरला निघाले : ७४ वर्षांचे आजोबा, ६९ वर्षांच्या आजी, सून, सात वर्षांचा नातू आणि सव्वा वर्षाची नात. मुलगा नोकरीनिमित्त आधीच तेथे होता. तिकिटे त्यानेच काढली, आणि तीही हिशेब करून. साठ वर्षांवरील प्रवाशांना मूळ भाड्यात सवलत होती, म्हणून आई-वडिलांची तिकिटे एका आरक्षणावर आणि पत्नी व मुलांची दुसऱ्या आरक्षणावर. थोडे पैसे वाचले. जागा निवडण्याचे वेगळे शुल्क त्याने भरले नाही. एकाच घरची माणसे आहेत, शेजारीच बसवतील, असे त्याला वाटले.

विमान जवळजवळ भरले होते. उरलेल्या तुटक जागांतून सुनेला व नातवाला अठराव्या रांगेत शेजारशेजारच्या जागा मिळाल्या. नात आईच्या मांडीवर. आजी नवव्या रांगेत आणि आजोबा सत्ताविसाव्या रांगेत. मूल आईजवळ होते, म्हणजे नियम पाळला गेला होता. तक्रार करावी असे काहीच घडले नव्हते.

आजोबा मधुमेही. पहाटे पाचला घरी त्यांनी इन्सुलिन घेतले आणि थालीपिठाचा डबा आजींच्या पिशवीत ठेवला. विमानात बसताच खायचे ठरले होते. विमान तासभर उशिरा निघाले. डबा नवव्या रांगेच्या वरच्या कप्प्यात, आणि पट्टे बांधून ठेवण्याची खूण दिव्यावर कायम. सत्ताविसाव्या रांगेत आजोबांना घाम फुटला, बोटे थरथरू लागली. स्वभाव भिडस्त, कोणाला हाक मारावी असे त्यांना वाटेना. शेजारच्या अनोळखी तरुणीने त्यांचा चेहरा पाहून बटण दाबले. हवाईसेविकेने साखरेचे पाणी दिले आणि पंधरा-वीस मिनिटांत त्यांना बरे वाटू लागले. त्याच वेळी अठराव्या रांगेत सून एका हाताने रडणारी मुलगी आणि दुसऱ्या हाताने कान दुखतो म्हणणारा मुलगा सांभाळत होती. आजी मदतीसाठीच बरोबर आल्या होत्या. पण त्या नऊ रांगा पुढे होत्या आणि त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. बंगळूरला सामानाच्या पट्ट्याजवळ त्यांना सारे कळले.

"आम्ही एकाच विमानात होतो हो," त्या मला म्हणाल्या, "पण एकत्र नव्हतो."

नियम काय म्हणतो

लहान मुलांच्या बाबतीत आपल्याकडे स्पष्ट आदेश आहे. मुले एकीकडे आणि पालक दुसरीकडे बसवले जात असल्याच्या तक्रारी आल्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना सांगितले की, १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या पालकांपैकी किंवा अभिभावकांपैकी निदान एकाजवळ जागा दिली पाहिजे आणि तशी नोंदही ठेवली पाहिजे. पसंतीच्या जागेसाठी शुल्क घेण्याची मुभा कंपन्यांना आहे. परंतु शुल्क भरले नाही म्हणून मुलाला एकटे बसवता येत नाही.

या आदेशातील दोन शब्दप्रयोग नीट लक्षात घ्यावेत. पहिला, 'त्याच पीएनआरवर'. पीएनआर म्हणजे आरक्षणाचा सहा अक्षरी-अंकी क्रमांक. एका पीएनआरवरची माणसे संगणकाच्या दृष्टीने एक कुटुंब. दोन पीएनआरवरची माणसे परस्परांना अनोळखी, मग त्यांचे आडनाव एक असो की पत्ता एक. नातवंडे आजी-आजोबांबरोबरच प्रवास करणार असतील, तर आजी-आजोबांचे आणि नातवंडांचे तिकीट एकाच पीएनआरवर असणे म्हणूनच अत्यावश्यक आहे.

दुसरा शब्दप्रयोग 'निदान एकाजवळ'. मूल आईजवळ असले की आदेशाचे पालन झाले. त्या आईला मदत करणारी आजी कोठे आहे, आणि आजीच्या पिशवीतल्या डब्यावर अवलंबून असलेले आजोबा कोठे आहेत, हे त्या ओळीत येत नाही. लालबागच्या कुटुंबाचे नेमके हेच झाले. मुलाची सोय कायद्याने केली. काळजीची बाकीची साखळी जोडणे घरच्यांवर होते आणि ते राहून गेले.

अन्य देशांतही हा प्रश्न गांभीर्याने घेतला जातो. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाचे मार्गदर्शन असे की, मुले शक्यतो सोबतच्या प्रौढाच्या रांगेतच असावीत. ते अशक्य असल्यास एका रांगेपेक्षा किंवा मधल्या वाटेपेक्षा अधिक अंतर असू नये. अमेरिकेच्या परिवहन विभागाने ऑगस्ट २०२४ मध्ये १३ वर्षांपर्यंतच्या मुलांना विनाशुल्क पालकांशेजारी बसवण्याच्या नियमाचा प्रस्ताव मांडला.

शेजार का हवा

यामागे केवळ सोय किंवा मायेचा ओलावा नाही. विमान उंचावर असताना आतील हवेचा दाब कमी झाला, तर डोक्यावरून प्राणवायूचे मुखवटे खाली येतात. सुमारे ३५ हजार फुटांवर पुरेशा प्राणवायूविना माणूस शुद्धीवर राहून स्वतःचे काही करू शकतो तो काळ अर्ध्या ते एका मिनिटाचा असतो. म्हणूनच आधी स्वतःचा मुखवटा लावा, मग मुलाचा, अशी सूचना दिली जाते. ही सूचना पाळण्यासाठी मूल हाताच्या अंतरावर असायला हवे. हेच ज्येष्ठांनाही लागू आहे. खांदा आखडल्यामुळे ज्यांचा हात डोक्यापर्यंत जात नाही, पक्षाघाताने ज्यांचा एक हात दुबळा झाला आहे, किंवा स्मृतिभ्रंशामुळे ज्यांना सूचनेचा अर्थ लागत नाही, त्यांनाही शेजारचा हात लागतो.

दुसरे कारण विमान तातडीने रिकामे करण्याचे. नवे विमान वापरात आणण्यापूर्वी निम्म्या दारांतून सर्व प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे सिद्ध करावे लागते. अशा क्षणी ज्या आईचे मूल दहा रांगा मागे आहे, ती दाराकडे जाणार नाही; गर्दीच्या उलट दिशेने मुलाकडे धावेल. त्यात तिचा, मुलाचा आणि वाटेतल्या सर्वांचाच वेळ जाईल. कुटुंब एकत्र बसणे म्हणूनच इतर प्रवाशांच्याही हिताचे आहे.

असे प्रसंग दुर्मीळ असतात, आणि त्यांच्या भीतीने प्रवास टाळण्याचे कारण नाही. नेहमी घडते ते साधेच असते : मुलाला शौचास लागणे, आजोबांची साखर उतरणे, आजींना घोषणा ऐकू न येणे, बाळाचे दूध वरच्या कप्प्यात राहणे. ही प्रत्येक गोष्ट शेजारी माणूस असले की क्षुल्लक असते आणि नसले की अवघड होऊन बसते.

कोणी कोणाशेजारी बसावे

तिकीट काढण्यापूर्वी एका कागदावर घरच्यांची नावे लिहा आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहा : प्रवासात याला कोणाची गरज लागेल? उत्तरे मिळाली की जागा आपोआप ठरतात.

मुंबईहून देशांतर्गत उडणाऱ्या बहुतेक विमानांत मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन जागा असतात. ए आणि एफ या खिडकीच्या, बी आणि ई मधल्या, सी आणि डी वाटेकडच्या. तिघे असाल तर एका बाजूची पूर्ण रांग घ्या. पाच असाल तर एका बाजूच्या तीन आणि त्याच रांगेत वाटेपलीकडच्या दोन. पुढे-मागे एकाच बाजूच्या रांगाही चालतात. पाठीवरून हात पोहोचतो आणि आवाजही.

मुलाला खिडकीशी बसवावे. वाटेकडच्या जागेवर बसलेल्या मुलाचे हात-पाय बाहेर येतात आणि खाद्यपदार्थांची गाडी जाताना त्यांना इजा होऊ शकते. गरम चहा-कॉफीही त्याच वाटेने जाते. दोन वर्षांखालील बाळ मांडीवर, वेगळ्या छोट्या पट्ट्याने आईच्या पट्ट्याला जोडून बसते. रांगेच्या एका बाजूला प्राणवायूचा साधारणतः एकच जादा मुखवटा असल्यामुळे त्या बाजूला बहुधा एकाच मांडीवरच्या बाळाला परवानगी मिळते. जुळी बाळे असतील तर आई एका बाजूला आणि आजी वाटेपलीकडे, अशी मांडणी आधीच ठरवावी.

ज्येष्ठांच्या बाबतीत व्याधीनुसार जागा निवडावी. वारंवार लघवीला जावे लागणाऱ्यांना किंवा मूत्रल औषध घेणाऱ्यांना वाटेकडची जागा द्यावी. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला खिडकीशी बसवून सोबत्याने तिच्या व वाटेच्या मध्ये बसावे. ती उठली तर लगेच कळते. पक्षाघाताने दुबळी झालेली बाजू वाटेकडे येऊ देऊ नये, ती सोबत्याकडे असावी. एका कानाने कमी ऐकू येत असेल तर सोबत्याने चांगल्या कानाच्या बाजूला बसावे. गुडघेदुखीमुळे ऐसपैस जागेचा मोह होतो. परंतु आपत्कालीन दाराजवळच्या रांगेत मुले, बाळाला घेतलेल्या व्यक्ती किंवा ज्यांना स्वतःलाच मदत लागेल असे प्रवासी बसवले जात नाहीत. तेथे पैसे भरून जागा घेतली तरी ऐनवेळी उठावे लागेल आणि कुटुंबाची फाटाफूट होईल. अगदी पहिल्या रांगेत पाय पसरता येतात, पण उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी सारे सामान वरच्या कप्प्यात ठेवावे लागते. औषधांची लहान पिशवी तेव्हा अंगावरच असावी.

तिकीट काढताना

बहुतेक घरांत तिकीट मुलगा किंवा मुलगी मोबाइलवर काढते आणि आई-वडिलांना फक्त निघण्याची वेळ कळते. या लेखाचा हा भाग कृपया त्यांना वाचून दाखवा.

सर्वांचे तिकीट एकाच पीएनआरवर काढावे. ज्येष्ठांच्या सवलतीसाठी वेगळे आरक्षण करणे भागच असेल, तर तिकीट निघताच कंपनीच्या ग्राहक सेवेला दूरध्वनी करून दोन्ही पीएनआर परस्परांशी जोडण्याची आणि तशी नोंद करण्याची विनंती करावी. कोणाशी, केव्हा बोललो ते लिहून ठेवावे. अशी नोंद जागेची हमी देत नाही. पण विमानतळावर बोलताना तिचा आधार मिळतो. खात्री हवी असेल तर निदान एका ज्येष्ठाची आणि त्याच्या सोबत्याची जागा शुल्क भरून घ्यावी. पाचही जागांचे पैसे भरावे लागतात असे नाही. साखळीतली जी कडी तुटून चालणार नाही, तेवढीच पक्की करावी.

मुलांची वये तिकिटात अचूक भरावीत. वय चुकले तर संगणक मुलाला प्रौढ समजतो. बाळाच्या वयाचा पुरावा जवळ ठेवावा.

वेब चेक-इन सुरू होताच ते करावे. अनेक कंपन्यांत ते उड्डाणाच्या ४८ तास आधी सुरू होते. त्या वेळी मोकळ्या जागा अधिक असतात. शेवटच्या रात्रीपर्यंत तुटक जागाच उरतात. जागा विखुरलेल्या आल्या तर त्याच दिवशी दूरध्वनी करावा. विमान बदलले किंवा उड्डाणाची वेळ पुढे-मागे झाली तर आधी मिळालेल्या जागाही बदलू शकतात. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा पाहावे.

विमानतळावर आणि विमानात

तरीही जागा वेगळ्या आल्या, तर त्या बदलून घेण्याचे सर्वांत योग्य ठिकाण म्हणजे चेक-इनचा काउंटर. तेथील कर्मचाऱ्याला पूर्ण विमानाचा नकाशा दिसतो. म्हणून वेळ हाताशी ठेवून पोहोचावे. गिरगाव आणि दादरहून आता भुयारी मेट्रो थेट सांताक्रूझच्या टी-१ आणि सहारच्या टी-२ टर्मिनलपर्यंत जाते, त्यामुळे वाहतुकीच्या कोंडीची चिंता थोडी कमी झाली आहे. तिकिटावर मुंबई लिहिले आहे की नवी मुंबई, आणि टर्मिनल कोणते, हे मात्र घरून निघण्यापूर्वी चष्मा लावून वाचावे.

काउंटरवर बोलताना तक्रारीच्या सुरापेक्षा माहिती उपयोगी पडते. "आमच्या जागा लांब आल्या" असे म्हटल्यास "विमान भरले आहे" हे उत्तर तयार असते. त्याऐवजी असे सांगावे : "यांना इन्सुलिन चालू आहे, साखर उतरू शकते. त्यांच्याशेजारी मी असणे आवश्यक आहे. दोघांना पुढच्या-मागच्या रांगेत दिलेत तरी चालेल." मूल १२ वर्षांच्या आतील असेल आणि त्याच पीएनआरवर असेल, तर एप्रिल २०२४ च्या आदेशाची शांतपणे आठवण करून द्यावी. तेथे जमले नाही तर विमानात चढण्याच्या दारावरील कर्मचाऱ्यांना, आणि शेवटी केबिनमधील कर्मचाऱ्यांना सांगावे. स्वतःहून कोणाच्या जागेवर जाऊन बसू नये. त्याने वाद होतात, आणि लहान विमानांत तर वजनाच्या समतोलासाठीही जागा ठरवून दिलेल्या असतात.

सहप्रवाशाला विनंती करताना आपण देऊ करत असलेली जागा त्याच्या जागेच्या तोडीची असावी. वाटेकडच्या जागेच्या बदल्यात वाटेकडची, खिडकीच्या बदल्यात खिडकीची. मधली जागा देऊन खिडकीची मागणे म्हणजे रुमाल टाकण्यापेक्षाही वाईट.

आणि वाचकहो, कधी कधी अशी विनंती आपल्यालाच केली जाईल. तरुण आई कडेवर बाळ घेऊन उभी राहील आणि आपल्याला उठण्याचा संकोच होईल, न उठण्याचाही होईल. शक्य असल्यास जरूर उठा. परंतु गुडघ्यासाठी, मूत्रविकारासाठी किंवा आपल्या जोडीदाराजवळ राहण्यासाठी ती जागा आपण घेतली असेल, तर नम्रपणे नाही म्हणण्यात काही उणेपणा नाही. "माझी प्रकृतीची अडचण आहे, आपण कर्मचाऱ्यांना सांगा, ते काही व्यवस्था करतील," एवढे पुरे. भिडेखातर सत्ताविसाव्या रांगेत जाऊन बसलेल्या आजोबांची काळजी मग कोणी घ्यायची?

जमिनीवरही एकत्र

एकत्र राहण्याची गरज विमान उतरल्यावर संपत नाही. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यूयॉर्कहून मुंबईला आलेल्या एका वृद्ध दाम्पत्याने दोघांसाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. उतरल्यावर एकच मिळाली. पत्नी तीवर बसल्या आणि ८० वर्षांचे पती दुसरीची वाट न पाहता त्यांच्याबरोबर चालत निघाले. इमिग्रेशनपाशी ते कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. डीजीसीएने त्या विमान कंपनीला ३० लाख रुपयांचा दंड केला. दंडाने गेलेला माणूस परत येत नाही. त्यांनी पत्नीची सोबत सोडली नाही, यात त्यांचे काहीच चुकले नव्हते. आपण मात्र या घटनेतून एक गोष्ट घरात ठरवून ठेवू शकतो : व्हीलचेअर एकच आली तर दोघांनीही थांबायचे. विमानाच्या दाराशी, खुर्चीवर बसून, कितीही वेळ लागला तरी. दुसरी आल्यावरच दोघांनी एकत्र निघायचे.

व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच, आणि निदान ४८ तास आधी नोंदवावी. दोघांना हवी असेल तर दोघांच्याही नावावर ती वेगवेगळी नोंदवली गेली आहे का, हे तपासावे. 'घरात तर चालतो, कशाला हवी' असे म्हणणाऱ्या आजोबांना टर्मिनलमधील अंतराची कल्पना द्यावी. चाळीच्या गॅलरीत येरझारा घालणे वेगळे आणि हातात पिशवी घेऊन विमानतळाची लांबी कापणे वेगळे.

प्रकृतीच्या चार गोष्टी

औषधे ज्याची त्याच्याजवळ असावीत. इन्सुलिन, हृदयविकाराच्या गोळ्या, दम्याचा पंप, मुलाचे तापाचे औषध यांपैकी काहीही मोठ्या सामानात देऊ नये आणि दुसऱ्या रांगेतल्या नातेवाइकाच्या पिशवीतही ठेवू नये. मधुमेही व्यक्तीच्या खिशात साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोज असावे. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली किंवा घाम, थरथर, धडधड जाणवली तर सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन सपाट चमचे साखर घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि नंतर काही खावे. जेवणाआधीचे इन्सुलिन अन्न समोर आल्याशिवाय घेऊ नये. विमान कधी सुटेल हे आपल्या हाती नसते. प्रवासाच्या दिवसाचे वेळापत्रक डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

उड्डाणात केबिनमधील हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरील हवेइतका असतो, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही विरळ हवा. फुप्फुसाचा किंवा हृदयाचा जुना विकार असलेल्यांनी निघण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

विमान उतरू लागते तेव्हा, म्हणजे जमिनीला लागण्याच्या साधारण अर्धा तास आधीपासून, कान दडे बसतात. झोपलेल्या मुलाला तेव्हा जागे करून घोटघोट पाणी पाजावे, बाळाला अंगावर पाजावे किंवा बाटली द्यावी. आजी-आजोबांनीही आवंढा गिळावा, जांभई द्यावी.

चार तासांहून लांबच्या प्रवासात पायांतील शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. घोटे फिरवावेत, पोटऱ्या आवळाव्यात, अधूनमधून उठून चालावे. उठताना शेजारचा माणूस आपला असेल तर आपण संकोच न करता उठतो, हाही शेजाराचा एक लाभ.

लालबागचे ते कुटुंब परत आले तेव्हा मुलाने पाचही जणांचे तिकीट एकाच पीएनआरवर काढले. ज्येष्ठांची सवलत सोडावी लागली. जागा अशा : नातू खिडकीशी, मध्ये सून नातीला मांडीवर घेऊन, आजी वाटेकडे आणि वाटेपलीकडे आजोबा. नात रडली तेव्हा आजींनी तिला घेतले. आजोबांनी डबा उघडला तेव्हा नातवाने त्यातले अर्धे थालीपीठ मागितले, आणि ते हातोहात वाट ओलांडून खिडकीपर्यंत पोहोचले.

आपल्या पुढच्या प्रवासाची तिकिटे अजून काढायची असतील, तर तो कागद आजच घ्या आणि घरच्यांची नावे लिहून काढा.